मोजून दिलेला कागद

शंभर रुपयांची नोट मधोमध कापायची. एक अर्धुक पाकिटात घालून टपालानं पाठवायचं, दुसरं तिजोरीत ठेवायचं. पहिलं पोचल्याचं पत्र आलं की मगच दुसरं रवाना करायचं. पलीकडच्या पेढीवर दोन्ही अर्धुकं जुळवून पाहिली जात, चिकटवली जात आणि नोट पुन्हा चलनात येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात मोठी रक्कम परगावी पाठवण्याची ही रुळलेली रीत होती. वाटेत डाक लुटली गेली तरी लुटारूच्या हाती नुसता निम्मा कागद. आज बँकेचा पासवर्ड टाकल्यावर मोबाइलवर वेगळा आकडा येतो, त्यामागची युक्ती हीच आहे: खात्रीचे दोन तुकडे करायचे आणि ते दोन वाटांनी पाठवायचे.

सुरक्षा, खासगीपणा, नक्कल, मालकी हे शब्द हल्ली असे वापरले जातात, जणू ते संगणकाबरोबरच जन्माला आले. नाशिकमध्ये तरी असं कुणी बोलू नये. मुंबईहून रेल्वेनं सुमारे १९० किलोमीटरवर, नाशिकरोडला, एका उंच भिंतीमागे गेली शंभर वर्षं याच प्रश्नांशी रोजची झटापट चालू आहे. ‘भारत प्रतिभूती मुद्रणालय’ हे पाटीवरचं नाव. गावात त्याला ‘प्रेस’ म्हणतात. ‘वडील प्रेसमध्ये होते’ एवढं म्हटलं की नाशिकरोडला पुढचं काही विचारावं लागत नाही. या प्रेसचा इतिहास जवळून पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शाई, जलचिन्ह आणि धागा यांनी कागद जितका राखला, त्याहून अधिक तो मोजणीनं राखला. आणि फसवणूक झाली तेव्हा ती मोजणीच्या बाहेर पडलेल्या वस्तूतून झाली.

नाशिकला हे वळण फार जुनं आहे. त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. भिक्षूंच्या सोयीसाठी त्यानं तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दरानं. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. आणि पुढे लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं गेलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा व्यवहार. दाता थोर, त्याचा सासरा राजा. तरी त्याचा शब्द पुरेसा मानला गेला नाही. चारचौघांत वाचला गेला, दप्तरी लागला, मग दगडावर गेला.

दुसरा पुरावा चांदीचा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा ठोकला होता. नहपानाचा पराभव झाला, राज्य गेलं, पण चांदी तीच राहिली. जुन्या राजाच्या चेहऱ्यावर नव्या राजाची खूण बसली की नाणं नव्या राज्यात चालायला मोकळं. असं नाणं जवळून पाहिलं की नव्या खुणांच्या खालून नहपानाचं नाक, कान, ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा डोकावतो. जुना परवाना रद्द करून त्याच वस्तूवर नवा देण्याचं इतकं उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

आता प्रेसकडे वळू.

इंग्रजी अमलात हिंदुस्थानची टपालतिकिटं अनेक दशकं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यात. १८६१ च्या कायद्यानं सरकारी नोटा सुरू झाल्या. पहिल्या मालिकेवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं; बनावट नोटांचा सुळसुळाट झाल्यानं ती मालिका मागे घ्यावी लागली आणि १८६७ पासून दुसऱ्या धर्तीच्या नोटा आल्या. म्हणजे नक्कल करणारा आणि छापणारा यांची शर्यत इथे नोटेइतकीच जुनी आहे. पुढे छपाई देशात आणायचं ठरलं. मुंबई टांकसाळीचे अधिकारी जी. एच. विलिस यांनी इंग्लंडात जाऊन या कामाचा अभ्यास केला. जागा ठरली नाशिकरोडची: मुंबईला लोहमार्गानं जोडलेली, पण समुद्राच्या दमट हवेपासून दूर, घाटाच्या वर. दमट हवेत कागद फुगतो, आकुंचतो आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडतात.

१९२५ मध्ये प्रेस उभी राहिली. १९२६ पासून नाशिकची तिकिटं टपालात दिसू लागली. १९२८ मध्ये शेजारी चलनी नोटांचा छापखाना आला. सुरुवात पाच रुपयांच्या नोटेनं झाली आणि १९३२ पर्यंत देशातल्या सगळ्या किमतींच्या नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. १९२९ मध्ये विमान टपालाची तिकिटं निघाली, १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सहा तिकिटं. हिंदुस्थानची ही पहिली सचित्र स्मारक तिकिटं नाशिकची.

बाहेरच्या माणसाला वाटतं की अशा छापखान्यात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे छापलेली नोट. खरं तर भीती असते ती कोऱ्या कागदाची. जलचिन्ह आणि धागा कागदातच असतात, छपाईच्या आधी. त्यामुळे असा कोरा ताव बाहेर गेला तर अर्धी लढाई हरली. म्हणून ताव मोजून आत येतो, मोजून यंत्रावर चढतो, मोजून उतरतो. एका विभागानं दिलेला आकडा दुसऱ्या विभागानं घेतलेल्या आकड्याशी जुळावा लागतो. रंग सरकला, कोपरा दुमडला, क्रमांक पुसट उठला, तर तो ताव खराब ठरतो. पण खराब म्हणजे टाकाऊ नव्हे. खराब तावाचीही नोंद होते, तोही मोजला जातो आणि देखरेखीखाली नष्ट केला जातो. चांगले अधिक खराब बरोबर आलेले: हे समीकरण जुळल्याशिवाय दिवस संपत नाही. या धंद्यातली खरी कारागिरी इथे आहे, आणि तिचं चित्र कुठल्याच तिकिटावर येत नाही.

नोटेची बाकीची कारागिरी तर सरकारच उघड सांगतं. पाचशेची नोट बोटांत धरली की चेहऱ्यावरची शाई उंचावलेली लागते; ती खोल कोरलेल्या पत्र्यावरून दाब देऊन उठवलेली असते. उजेडासमोर धरली की गांधीजींचा चेहरा कागदाच्या आतून वर येतो. तिरकी केली की धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो. रिझर्व्ह बँक या खुणा जाहिराती देऊन लोकांना शिकवते, आणि ते योग्यच आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञानं लष्करी गुप्तलिपीविषयी लिहिताना हाच नियम मांडला होता: रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच ती असावी, गुपित फक्त किल्लीत असावं. नाशिकरोडची किल्ली म्हणजे कागदाचा पुरवठा आणि आकड्यांची वही. आपली प्रणाली कशी चालते हे सांगायला नकार देऊन ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ म्हणणाऱ्या प्रत्येक खात्यानं आणि कंपनीनं हा धडा नोटेकडून घ्यावा.

प्रेस सुरू झाली त्याच साली, १९२५ मध्ये, पोर्तुगालात एक प्रकरण उघडकीला आलं. ते या धंद्यात आजही आठवलं जातं. आल्व्हेस दोस रेइस नावाच्या माणसानं नोटा खोट्या छापल्याच नाहीत. त्यानं खोटं पत्र तयार केलं, बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाचं, आणि लंडनच्या वॉटरलो या नामांकित कंपनीला ऑर्डर दिली. कंपनीनं वास्को द गामाचं चित्र असलेल्या पाचशे एस्कुदोच्या नोटा इमानदारीनं छापून दिल्या. खरा कागद, खरे पत्रे, खरी शाई. खोटी फक्त मागणी. बँकेनं आपल्या नोटा तपासल्या, तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन दोन निघाल्या. आज ‘साहेबांचा मेल आला म्हणून पैसे पाठवले’ अशा तक्रारी सायबर पोलिसांकडे येतात, त्यांचा हा पूर्वज.

दुसऱ्या महायुद्धात नाशिकच्या नोटेवर थेट हल्ला झाला. जपानी बाजूनं दहा रुपयांच्या उत्तम दर्जाच्या बनावट नोटा पसरवल्या. या खोट्या नोटांमागे एखादा टोळीवाला नव्हता, राष्ट्र होतं. उत्तरादाखल जलचिन्हातला सहाव्या जॉर्जचा चेहरा बदलून बाजूचा समोरचा केला गेला आणि हिंदुस्थानी नोटेत पहिल्यांदा सुरक्षा धागा आला. आज हाताला सवयीचा झालेला तो धागा युद्धातून आलेला आहे.

मग फाळणी आली. प्रेसच्या इतिहासातलं हे सगळ्यात विलक्षण पान आहे. पाकिस्तान नावाचं नवं राष्ट्र जन्मलं, त्याला सरकार होतं, सैन्य होतं, पण नोटा छापायची सोय नव्हती. करारानुसार रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया काही काळ दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक राहिली. १ ऑक्टोबर १९४७ ला पाकिस्तानची पहिली टपालतिकिटं आली, ती सहाव्या जॉर्जच्या हिंदुस्थानी तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असा शब्द छापलेली. त्यांतली मोठी खेप नाशिकची. तिकीटसंग्राहक आजही ‘नाशिक छाप’ वेगळा ओळखतात. १ एप्रिल १९४८ पासून नोटाही आल्या. रचना हिंदुस्थानची, जलचिन्हाच्या जागी इंग्रजी आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. त्यांची सही असलेल्या या नोटा लाहोर-कराचीच्या बाजारात फिरल्या. १ जुलै १९४८ ला पाकिस्तानची स्वतःची स्टेट बँक सुरू झाली.

त्या महिन्यांचा जरा विचार करावा. सरहद्दीवर गाड्या पेटत होत्या, काश्मीरमध्ये लढाई चालू होती, आणि नाशिकरोडचे कामगार शत्रू झालेल्या देशाचे पैसे छापून, मोजून, बांधून देत होते. एक आकडा इकडचा तिकडे केला असता तर नव्या राष्ट्राची घडीच विस्कटली असती. तसं झालं नाही. विश्वास हा शब्द आज कंपन्यांच्या जाहिरातींत फार स्वस्त झाला आहे. तो खरा कसा असतो हे पाहायचं असेल तर १९४८ च्या त्या नोटेकडे पाहावं.

स्वातंत्र्यानंतर कामाचा पसारा वाढला. १९५२ ची संत-कवींची सहा तिकिटं, त्यांत कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ, ही इथल्या फोटोग्राव्ह्युअर छपाईची पहिली फळं. १९५९ मध्ये आखाती देशांत चालवायला वेगळ्या रंगांच्या नोटा काढाव्या लागल्या, कारण भारतीय रुपये तिकडे नेऊन सोन्याची तस्करी होत होती. १९६८ मध्ये होशंगाबादची कागद गिरणी सुरू झाली. पुढे देवास, म्हैसूर, सालबोनी इथे नोटांचे छापखाने झाले. पासपोर्ट, रेव्हेन्यू स्टॅम्प, पोस्टल ऑर्डर, न्यायालयीन मुद्रांक: माणसाच्या हातून आयुष्यभर जाणारे सरकारी कागद पाहिले तर त्यांतले किती तरी नाशिकरोडहून आलेले निघतील.

या कागदांवर कोरणाऱ्यांची नावं मात्र नाहीत. लेखणीएवढ्या हत्यारानं आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं चित्र धातूत कोरणारा माणूस रेषांनी चेहरा घडवतो. त्या रेषांची नक्कल जमत नाही म्हणून तर नोट टिकते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कामाचा पहिला मालक सरकार, आणि प्रकाशनापासून साठ वर्षं तो हक्क सरकारचा. शिवाय नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हाच वेगळा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ मध्ये आहे. हे ठीकच आहे, नोटेची मालकी एखाद्या कलाकाराकडे असून चालणार नाही. पण मालकी आणि श्रेय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे सरकारचे, हक्क सरकारचा, तरी कोणत्या तिकिटाचा आणि नोटेचा पत्रा कोणी कोरला याची यादी प्रसिद्ध करायला कोणता कायदा आडवा येतो? नाशिकच्या कलाइतिहासातलं हे मोठं प्रकरण निनावी पडून आहे.

आणि मग तेलगी.

अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. लहानपणी रेल्वे स्टेशनवर फळं विकणारा हा मुलगा पुढे मुंबईला आला आणि १९९० च्या दशकात मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवून बसला. पुढच्या काही वर्षांत त्यानं बनावट मुद्रांकांचं जाळं अनेक राज्यांत पसरवलं. नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेरला त्याला अटक झाली. पुढे न्यायालयानं त्याला दीर्घ मुदतीची सक्तमजुरी आणि दंड ठोठावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरूत तो कैदी म्हणूनच मरण पावला.

या प्रकरणात राजकारण किती आणि पोलीस किती, याच्या कहाण्या पुष्कळ सांगितल्या जातात. नाशिकच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तपासात पुढे आलं की प्रेसमधून निकामी म्हणून लिलावात निघालेली जुनी यंत्रं त्याच्यापर्यंत पोचली होती. म्हणजे ज्या कारखान्यात खराब तावाचासुद्धा हिशेब होतो, तिथलं अख्खं यंत्र भंगार या एका शब्दाखाली हिशेबाच्या बाहेर गेलं. छपाई करण्याची ताकद वस्तूत असते, तिच्या वयात नव्हे, हे लिलावाच्या कागदावर कुणी लिहिलं नाही.

दुसरी फट गिऱ्हाईकाकडे होती. तेलगीचा माल मोठ्या प्रमाणावर गेला तो बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल अशा घाऊक खरेदीदारांकडे. त्यांचे मुद्रांक करारांना लागत आणि करार कपाटात जात. नोट रोज शंभर हातांतून फिरते, प्रत्येक हात तिला नकळत तपासतो. मुद्रांक एकदाच हाताळला जातो. जो कागद कुणी पाहतच नाही, त्यावरचं जलचिन्ह कुणासाठी? त्यातच खऱ्या मुद्रांकांची टंचाई. रांगेत ताटकळलेल्या माणसाला जो कागद मिळेल तो खरा. पुढे राज्यांनी फ्रँकिंग, ई-मुद्रांक, बँकेमार्फत भरणा असे मार्ग आणले. आता क्रमांक टाकून नोंद तपासता येते. उषवदाताच्या निगमसभेतल्या फलकाकडे परत यायला आपल्याला एवढी मोठी किंमत मोजावी लागली.

तेलगीचं भंगार आज प्रत्येक घरात आहे. जुना मोबाइल, बंद पडलेला लॅपटॉप, कार्यालयातून एकगठ्ठा विकलेले संगणक. फाइल पुसली म्हणून ती हार्ड डिस्कवरून जात नाही, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी मोडते. पतसंस्था, दवाखाने, शाळा आपले जुने संगणक वजनावर विकतात, तेव्हा ते लिलावातलं यंत्रच विकत असतात.

नाशिकरोड स्टेशनबाहेर कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहावं. सिमकार्डासाठी, भाडेकरारासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी माणसं येतात, आधार कार्ड काचेवर उलटं ठेवलं जातं, हिरवा उजेड सरकतो. पहिली प्रत फिकी येते. दुकानदार ती न बघता काउंटरखालच्या खोक्यात टाकतो आणि दुसरी काढतो. खोक्यातल्या कागदावर नाव, जन्मतारीख, पत्ता, बारा अंकी क्रमांक, फोटो. संध्याकाळी खोकं रद्दीत. जवळच प्रेसमध्ये खराब ताव साक्षीनं नष्ट होत असतो, आणि इथे खराब प्रत वडापावाखाली जाते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की तोही मुद्रणालय चालवतो.

सांगायचं कुणी? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना सावध केलं होतं की आधारची झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, क्रमांक झाकलेली प्रत द्या. दोनच दिवसांत हे पत्रक मागे घेतलं गेलं, गैरसमज होईल म्हणून. सल्ला बरोबर होता आणि तो मागे घेणं चूक होतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला; २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते नाशिक विभागातल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावात. म्हणजे आधी क्रमांक आला, सात वर्षांनी हक्क, तेरा वर्षांनी कायदा. घर बांधून झाल्यावर पाया खणल्यासारखं हे झालं.

प्रेसनं मात्र नवं तंत्र उचललं आहे. देशातले पासपोर्ट नाशिकरोडलाच छापले जातात. २००८ मध्ये राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी चिपचा पासपोर्ट आला, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना त्यातला पहिला मिळाला. २०२४ पासून तो सामान्य नागरिकांनाही मिळू लागला. मुखपृष्ठावर खाली छोटी सोनेरी खूण असते, आत चिप आणि केसासारखी तार. चिपमधल्या माहितीवर सरकारच्या गुप्त किल्लीनं सही केलेली असते आणि विमानतळावरचं यंत्र उघड किल्लीनं ती पडताळतं. केर्कहॉफ्सचा नियम इथे शब्दशः पाळला गेला आहे: पद्धत जगजाहीर, किल्ली गुप्त.

नोट कापून पाठवण्याची युक्ती मात्र एका नाशिककराच्या कामातून नव्या रूपात परत आली. रमेश रासकर मूळ नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. २०१६ मध्ये त्यांना पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटानं मांडलेल्या ‘स्प्लिट लर्निंग’ पद्धतीत यंत्राला शिकवायचं काम मधोमध तोडतात. पहिला भाग रुग्णालयाच्या संगणकावर चालतो, दुसरा दूरच्या मोठ्या संगणकावर. रुग्णाची मूळ माहिती रुग्णालयाबाहेर जातच नाही. मार्च २०२०, करोनाची पहिली लाट. तेव्हा त्यांच्या गटानं ‘सेफ पाथ्स’ हे अ‍ॅप काढलं. माणूस कुठे कुठे गेला याची नोंद त्याच्याच फोनमध्ये राहील, सरकारी साठ्यात जाणार नाही, ही त्यामागची भूमिका. आरोग्य की खासगीपणा अशी निवड करावीच लागते, असं तेव्हा सगळीकडे ऐकवलं जात होतं. ती निवड तंत्रज्ञानानं लादलेली नाही, करणाऱ्यानं लादलेली असते, हे या कामानं दाखवलं.

रासकरांनी नाशिकशी नातं तोडलं नाही. २०१५ च्या सिंहस्थासाठी त्यांनी ‘कुंभथॉन’ भरवला. गर्दी, स्वच्छता, आरोग्य यांवर नाशिकच्याच विद्यार्थ्यांनी उपाय शोधले. गर्दीचा प्रश्न इथे पोथीतला नाही. २७ ऑगस्ट २००३ ला शाही स्नानाच्या वेळी सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. त्या चौकातून आजही जाताना जुन्या नाशिककरांची पावलं मंदावतात. म्हणून २०२७ च्या सिंहस्थात कॅमेरे लावू नका असं कुणी म्हणणार नाही. गर्दी किती झाली हे मोजायला माणसाचं नाव लागत नाही. डोकी मोजली की पुरे. चेहरा ओळखून साठवायचा असेल तर तो का, किती दिवस, आणि कुणाच्या साक्षीनं पुसला जाईल, हे महापालिकेनं आणि पोलिसांनी स्नानाच्या आधी जाहीर केलं पाहिजे. आलेली चित्रं किती, ठेवलेली किती, नष्ट केलेली किती: नाशिकरोडची ही वही रामकुंडावर आणायला वेगळं तंत्रज्ञान लागत नाही.

रामकुंडावर एक जुनी नोंदपद्धत अजून चालू आहे. तीर्थोपाध्यायांच्या घरी कापडात बांधलेल्या लांबट नामावळी असतात. यात्रेकरूनं गाव, आडनाव, जात सांगितली की गुरुजी नेमकी वही काढतात. पानावर त्याच्या आजोबांची सही असते, मोडीत किंवा वळणदार बाळबोधीत, कोण बरोबर होतं, कोणाच्या अस्थी विसर्जित केल्या, मुलं किती. अनोळखी माणसाला ती वही उघडून दाखवत नाहीत. आपल्या घराण्याचं पान मिळालं की त्याच पानावर, आजोबांच्या ओळीखाली, यात्रेकरू स्वतःच्या हातानं तारीख घालून सही करतो आणि गुरुजी वही पुन्हा कापडात गुंडाळतात.